मेंदी ओली, लेन्स डोळ्यांत

माझा नंबर उणे साडेसहा. म्हणजे चष्मा काढला की दारातली म्हैस कोणती आणि आमचा आप्पासो मामा कोणता, हे आवाजावरनं ओळखायचं. मामा गप्प बसला असेल तर मग देवाचं नाव घ्यायचं.

हे हरणाआत्याला चांगलं ठाऊक. तरी शंभूराज मला बघायला कडेगावला आला, तेव्हा तिनं माझा चष्मा काढून घेतला. "चष्मा दिसला की लोक नाकं मुरडत्यात," म्हणे. मी पोहे घेऊन चाचपडत बाहेर गेले, मान खाली घालून बसले, आणि मला त्याचे मोजे दिसले. नुसते मोजे! तो फौजी माणूस, लग्न ठरलं, रजा संपली, लडाखला गेला. पुढं फोनवर दिसायचा, पण बोलायला लागला की आवाजासकट चित्र अडकायचं, तेही तोंड उघडं असताना. चष्म्याचं त्याला सांगायचं नाही, अशी आत्यानं शपथ घातलेली.

म्हणून मला एकच हवं होतं. अंतरपाट खाली आला की त्याचं तोंड माझ्या डोळ्यांनी स्वच्छ बघायचं. बाकी लग्नाचं काय व्हायचं ते होऊ दे.

त्यासाठी सांगलीला जाऊन लेन्स घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. हात साबणानं धुवून कोरडे करायचे, लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, झोपताना काढायच्या. मी मान डोलावली. डोलवायला काय जातंय!

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढली, आणि मग आठवलं. अगं बाई, लेन्स डोळ्यांतच! आता ओल्या मेंदीच्या बोटांनी काढू कशी? माझी धाकटी बहीण दीपमाला बोट पुढं करायची आणि मी बोंब मारायची. "धू की हात," ती म्हणाली. तर आत्या उसळली, "खबरदार! रंग न्हाई चढला तर नवऱ्याचं प्रेम चढंल व्हय?" झालं. मी लेन्ससकट झोपले.

सकाळी डोळ्यांत कुणी भुसा भरलाय असं वाटत होतं. तशातच हळद लागली. हळद कुठली, तर खास सांगलीच्या बाजारातली! डोळा इतका चुरचुरायला लागला, की मी तशाच पिवळ्या बोटांनी लेन्स काढल्या, नळाखाली धरल्या आणि परत घातल्या. आई गं! मी अंगणात असा नाच केला, की वाजंत्रीवाल्यांना वाटलं नवरी हौशी हाय, त्यांनी लगेच ताल धरला.

दीपमालानं सांगलीला फोन लावला. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "रात्रभर डोळ्यांत? वर नळाचं पाणी, हळदीचा हात? अगं, डोळ्याला हवा नको का? आधी हात स्वच्छ धू, लेन्स काढ आणि ती जोडी फेकून दे. डोळे बरे होईपर्यंत चष्मा. आणि आज लाली, दुखणं, अंधुक दिसणं थांबलं नाही, तर नवऱ्याला घेऊन सरळ दवाखान्यात ये!"

"मॅडम, मला चष्म्याशिवाय अंधुकच दिसतं."

"मग घाल की चष्मा!"

लेन्स काढल्या. माझ्या अंगाला चढली नसेल एवढी हळद त्यांना चढली होती. डोळ्यांची आग जरा कमी झाली, पण चष्मा कुठाय? आत्यानं तो लपवला होता रुखवतातल्या लाडवांच्या टोपलीत, आणि रुखवत मांडून झालं होतं मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर!

"असू दे गं," आत्या म्हणाली. "त्यानं तुला बघितलं म्हंजे झालं. तुला काय बघायचं हाय?"

"मग मी काय तिथं हवा खायला उभी ऱ्हाऊ?" माझं डोकंच फिरलं. पण मुहूर्त गाठायचा होता. मामानं दंड धरला आणि मला बोहल्यावर नेऊन उभं केलं.

मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाटाच्या वर मला एक केशरी गोळा दिसत होता. तो फेटा असावा. त्याखाली माझा नवरा असावा. असावा! रागानं माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि बायका म्हणायला लागल्या, पोरीला माहेर सोडवंना.

तेवढ्यात रुखवताकडनं माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा, बनुबाईंचा आवाज आला. "अगं बया, लाडवांत चष्मा कुणाचा हो?"

"आमच्या आप्पासोचा!" आत्या टपलेलीच होती.

मामा बिचारा आज्ञाधारक. चष्मा लावून त्यानं म्हणे ऐटीत दोन पावलं टाकली आणि ढोलावर जाऊन बसला. मांडव खदाखदा हसला. मला हसू येईना. आता गप्प बसले तर मी केशरी गोळ्याशी लग्न करणार होते.

"आवं, त्यो माझा हाय!" मी ओरडले.

भटजी 'साव'वरच थांबले. आत्यानं फाटकन कपाळावर हात मारून घेतला. आणि अंतरपाटापलीकडनं पहिल्यांदाच, न अडकता, त्याचा आवाज आला, "द्या की मग तिला. एवढ्या लांबनं आलोय, तिनं मला बघायला नको व्हय?"

बनुबाई तरातरा आल्या. चष्म्याला लागलेला लाडू पदरानं पुसला आणि मुंडावळ्या बाजूला सारून त्यांनीच तो माझ्या नाकावर बसवला. "लपवायचं काय त्यात? आंधळी कोशिंबीर खेळत संसार करनार हुतीस?" त्या दटावून म्हणाल्या, आणि मला आणखीच रडू आलं. मग भटजींना म्हणाल्या, "हं, चालू द्या."

सावधान झालं. अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. मी डोळे फाडून बघितलं. फेट्याचा पीळ दिसला, दाढी करताना हनुवटीवर लागलेलं दिसलं, लाल झालेले कान दिसले. सगळं स्वच्छ! आणि हा सीमेवरचा गडी मान खाली घालून माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"आवं," मी हळूच म्हणाले, "वर बघा की."

त्यानं वर बघितलं.