नवऱ्याच्या पोटात

चांदीप गावच्या आत्मारामांना गॅस झाला की साऱ्या आळीला कळायचं. पण हल्ली जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि ते चक्क गप्प बसायचे. बायको द्वारका घाबरली ती त्यामुळेच. लग्न झाल्यापासून हा माणूस कधी गप्प बसला नव्हता.

इस्पितळाचं नाव काढलं की ते ओव्याची फक्की मारून शेताकडे चालू लागायचे. डॉक्टर आधी पोट फाडतात, मग आजार शोधतात, असं त्यांचं ठाम मत.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या बेटी सिस्टर मुठीएवढं सोनोग्राफीचं यंत्र घेऊन घरीच आल्या. पण स्कूटरवरून पडल्यामुळे त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शहरातल्या एव्हरशाईन सिटी वसाहतीतून डॉक्टर सुरुची व्हिडिओ कॉलवर दिसू लागल्या; यंत्रातलं चित्र त्यांनाही तिकडे दिसणार होतं. म्हणाल्या, यंत्र द्वारकाबाईंनी धरलं तरी चालेल, कुठे फिरवायचं ते मी सांगते. ही रीत अंतराळवीरांसाठी बसवलेली. वर डॉक्टर नसला तर एक जण दुसऱ्याचं पोट तपासतो, आणि डॉक्टर जमिनीवरून सांगत राहतो.

हे ऐकून आत्मारामांची छाती फुगली. वर गॅस होतो का, असं त्यांनी विचारलं. होतो, आणि धड ढेकरही देता येत नाही, असं कळल्यावर त्यांना त्या बिचाऱ्यांची फार कणव आली.

द्वारकेने गार जेल थापलं. डॉक्टरांनी श्वास रोखायला सांगितलं. एकदा पुरलं असतं, पण नवऱ्याला गप्प करायचा हा उपाय तिला इतका आवडला की तिने तो आपणहून पुन्हा रोखायला लावला.

यंत्र जरा मधे सरकलं. यंत्राच्या पडद्यावर काहीतरी लयीत उडत होतं. हृदयाकडून येणारी मोठी रक्तवाहिनी आहे ती, डॉक्टर म्हणाल्या. द्वारकेचा हात थबकला. बाहेर एवढी बडबड, आणि आत हे बिचारं काळीज मुकाट्याने राबतंय.

मग बरगडीखाली काळी पिशवी दिसली, तिच्या तोंडाशी पांढरा खडा. तिथे दाबताच आत्माराम किंचाळले. कुशीवर वळवलं तरी खडा जागचा हलेना. डॉक्टरांचा आवाज बदलला. पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकलाय, आजच्या आज दाखल करा, त्या म्हणाल्या.

आत्मारामांनी ओव्याचा डबा मागितला.

"मी सोताच्या डोल्यांनी पायलाय," द्वारका म्हणाली. "वारा नाय, दगड हाय. उठा, सदरा घाला."

ते उठले.

पित्ताशय काढलं तेव्हा ते फुटायच्या बेतात होतं, असं सर्जननी सांगितलं. द्वारका बाहेर बाकावर बसून पोटभर रडली. आत आली तर आत्माराम शेजारच्या खाटेवरच्याला सांगत होते की आपली तपासणी अंतराळवीराच्या इतमामाने झाली. यंत्र कोणी धरलं होतं, हे त्यांनी गाळलं.

घरी आल्यावर त्यांना काही दिवस मऊ भातच खायचा होता. द्वारकेने तो वाढला आणि समोर बसून तळलेले बोंबील चवीचवीने खाल्ले.