आभाराचे दोन शब्द

‘सौ.’च्या पुढचं टिंब चांगलं ठसठशीत छापलं होतं. मालिनीनं पत्रिका चष्म्याजवळ नेली, हात लांब करून धरली, पुन्हा जवळ आणली – टिंब जागचं हलेना. आभारप्रदर्शन : सौ. मालिनी पद्माकर बर्वे. म्हणजे पद्माकर जिवंत! माणूस जाऊन सतरा वर्षं झाली, आणि सह्यकुंज गृहनिर्माण संस्थेनं रौप्यमहोत्सवाच्या गुळगुळीत कागदावर त्याला पुन्हा उठवून बसवलं होतं. बरोबरच आहे म्हणा... ज्यांना तो गेल्याचंच ठाऊक नाही, त्यांनी श्रीमती तरी कशाला छापावं?

तिनं तनयला फोन लावला. तनय म्हणजे संस्थेचा सेक्रेटरी, कालचं पोर, टॉवरमध्ये नवीन राहायला आलेलं.

“सॉरी काकू, प्रेसवाल्यानं केलंय ते. सगळ्या लेडीजना सौ. लागलंय, बाय डिफॉल्ट.”

“अरे, नवरा बाय डिफॉल्ट मिळत असता तर आणखी काय हवं होतं?”

तो खो खो हसला. “काकू, तुम्ही म्हणजे ना! संध्याकाळी असंच धमाल बोला हं.”

आभार आपल्याकडेच का, हे ती ओळखून होती. एरवी आभाराचं नाव काढलं की खुर्च्या मागे सरकतात आणि लोकांचं लक्ष ताटांच्या रांगेकडे जातं. मालिनी बर्वे उभी राहिली तर मात्र बसतात. बाई फटकळ, पण हसवते हो! आमच्या सह्यकुंजचा फटाका! असू दे. आज फटाक्यात दारू खरी भरलेली होती. घर विकून झालं होतं, सोमवारी सामानाचा ट्रक येणार होता, नंतर पुणं, लेकीकडची खोली, आणि संपलं. वेणीमाधव समोरच्या खुर्चीत शाल पांघरून बसलाय आणि माइक आपल्या हातात आहे, असा योग पुन्हा कुठला यायला? आज नाही बोलले तर हे माझ्याबरोबरच जळणार.

तिनं चहा टाकला आणि भाषण मनात जुळवायला घेतलं. कागद नको. कागदावर लिहिलं की मऊ होतं.

सर्वप्रथम आभार त्या मिनीबसचे... हो, मिनीबसचेच. पंचवीस वर्षांपूर्वी त्र्यंबक रस्त्यावरून आत वळणारी, श्रावणातल्या रविवारी नाशिकहून प्लॉट बघायला निघालेल्या कुटुंबांनी भरलेली. पुढं पांढऱ्या सफारीतला वेणीमाधव, सगळ्या प्लॉटधारकांचा म्होरक्या. जमीन त्यानं जमवली, गिऱ्हाईकं त्यानं आणली, पुढं चेअरमनही तोच झाला. चहूकडं हिरवंगार, कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या लोंबतायत, ताडपत्रीखाली कांदाभजी तळली जातायत... कोण माघारी जाईल? खोरं त्यानं श्रावणात दाखवलं आणि इसार दसऱ्याला घेतला. एप्रिलमध्ये एकालाही आणलं नाही. एप्रिलमध्ये इथं काळा कातळ आणि डोळ्यांत जाणारी धूळ, दुसरं काही नव्हतं. पण पद्माकर भुलला. छापखान्यातली नोकरी, आयुष्यभर बंद खोलीत नोटांच्या वासात राहिलेला माणूस – भज्याचा घास तोंडात तसाच ठेवून डोंगराकडं बघत राहिला. म्हणाला, “मालू, इथं कांदा चिरतानासुद्धा तुला हा डोंगर दिसेल.” आणि दिसला, खोटं का बोला. आठ वर्षं दिसला.

दुसरे आभार झाडांचे, ज्यांना तोडून त्यांची नावं इमारतींना दिली. मोह, ऐन, पळस. ‘मोह’मध्ये आता लिफ्ट आहे. हे लोकांना आवडेल, इथं हशा येईल. आणि तिसरे आभार...

“तिसरे आभार ठमाबाईचे,” ती मोठ्यानं म्हणाली.

भांडी घासता घासता सविता थांबली. सविता ओहोळापलीकडच्या पाड्यावरची, ठमाबाईची सून. हे घर आहे तिथं पूर्वी ठमाबाईची नागली उभी असायची.

“आमच्या सासूचे? कशापायी?”

“तुमच्या जमिनीवर त्यानं गोड बोलून पाणी सोडायला लावलं, हे आज सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. आणखीही पुष्कळ सांगणार आहे. त्याला नुसता सोलून काढते बघ.”

“त्याला सोला, लय बरं होईल,” सविता म्हणाली. मग हातावरचा साबण धुऊन नीट वळून उभी राहिली. “पन आमचं नाव नका घेऊ, बाई. तुमी जाल पुन्याला. मला उद्या हितंच चार घरी कामाला यायचं हाय.”

मालिनीला आधी सविताचाच राग आला. मग स्वतःचा आला, कारण पंचवीस वर्षांत ठमाबाईची आठवण तिला आजच आली होती – हाताला दगड सापडावा तशी. बरं, ठमाबाई राहू दे. झाडंही राहू देत. खरं तर हे सगळं पाल्हाळ... तिला बोलायचं होतं एकच वाक्य.

ते वाक्य तिला पाठ होतं. सतरा वर्षं ती ते घोटत आली होती – भाजी निवडताना, पायी फिरताना, डॉक्टरकडं नंबर लावून बसलेली असताना. ‘आमच्या ह्यांची शेवटची अंघोळ विकतच्या गार पाण्यानं झाली, कारण वेणीमाधवरावांनी आमचा नळ बंद केला होता, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.’ एवढंच. मग शांतता होईल. खुर्चीत त्याचं तोंड उतरलेलं ती बघेल, सगळी कॉलनी बघेल, आणि ती माइक खाली ठेवील.

कारण तसंच झालं होतं. खालच्या मोकळ्या जागेवर, नकाशात जिथं बाग दाखवली होती तिथं, दुसरा टप्पा बांधायचा होता. सगळ्यांनी संमतीच्या सह्या दिल्या, पद्माकरनं दिली नाही. “मी डोंगर विकत घेतलाय, भिंत नाही,” म्हणाला. त्यांचा बंगला गल्लीच्या टोकाला, त्याचा व्हॉल्व वेगळा. एका संध्याकाळी पाणी गेलं. दुरुस्ती, असं चौकीदार म्हणाला, आणि म्हणताना खाली बघत होता. पहाटे पद्माकर उठून बसला, छातीला हात लावला, ‘मालू’ एवढंही पुरतं म्हणाला नाही... आणि घरात प्यायच्या माठाखेरीज थेंब नाही. तिनं वेणीमाधवला फोन केला. स्वतः केला. “पाणी सोडा,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत तो सकाळच्या प्रसन्न आवाजात म्हणाला, “सही पाठवून द्या वहिनी, लगेच सोडतो.” तिनं फोन ठेवला. काय सांगायचं होतं? मेलेल्या नवऱ्याच्या नावानं पाण्याची भीक मागायची होती?

मग धाकट्या दिरांनी नाक्यावरून जार आणवले, लग्नाकार्यात असतात तसले, थंडगार पाण्याचे. ती म्हणाली, तापवते. दीर म्हणाले, “राहू दे वहिनी, आता काय फरक पडतो.” फरक काय पडतो! मे महिन्यातही ज्याला कढत पाणी लागायचं, बादलीत बोट घालून बघितल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही असा माणूस... पहिला तांब्या ओतला तेव्हा तिच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. त्याच्या नाही आला.

आणि हे केलं कुणी? ज्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर लोकांच्या मेलेल्यांना पाणी दिलं, त्यानं! तेही एक वेळ ती गिळून बसली असती. पण चौथ्या दिवशी तो भेटायला आला, समोर बसला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “वहिनी, मला कळवायचं नाही का? मी स्वतः येऊन पाणी सोडलं असतं.” म्हणजे चूक माझी. माझ्या नवऱ्याला गार पाणी मी घातलं. तेराव्याच्या आत तिनं सही केली. भांडायला अंगात काही उरलंच नव्हतं. मग ‘पळस’ उभी राहिली आणि खिडकीतला डोंगर मजल्यामजल्यानं गेला. पण ‘मला कळवायचं नाही का’ गेलं नाही. त्याच्यावर ती जगली, अगदी धडधाकट जगली. मनातल्या मनात तिनं त्याची तिरडी कितीदा बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

दुपारी संपदाचा, लेकीचा, फोन. “आई, कार्यक्रमात वाकडं काही बोलू नकोस हं. जाता जाता कशाला.” संपदाला काय ठाऊक? त्या दिवशी ती दुपारी पुण्याहून पोचली तेव्हा बापाला नवं धोतर नेसवून झालं होतं. तिला सांगितलंच नाही. बघणारे तिघं – आपण, दीर, शेजारचे डॉक्टर. दीर गेले, डॉक्टरही गेले.

“नाही गं,” मालिनी म्हणाली. “सगळ्यांचे आभार मानणार आहे.”

उन्हं उतरल्यावर हिरवळीवर कार्यक्रम सुरू झाला. खुर्च्यांना साटीनचे अभ्रे, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. वेणीमाधव काठी टेकत आला. म्हातारा झालाय मेला... कानात यंत्र, मान किंचित हलते. त्याला शाल, श्रीफळ, लोकांनी उभं राहून टाळ्या. मग तो बोलला, पूर्वीसारखंच गोड. मिनीबस आली, भजी आली. “पाण्याचे फार हाल काढले सुरुवातीला,” तो म्हणाला, “पण एक सांगतो. कुणी मला अडचण कळवली आणि मी धावून गेलो नाही, असं कधी झालं नाही.”

कळवली. पुन्हा तेच! मालिनीच्या कानशिलात ठोके पडायला लागले, आणि त्याच ठोक्यांत निवेदिकेनं तिचं नाव घेतलं – सौ. लावूनच.

ती बोलायला लागली. मिनीबसला हशा पडला. एप्रिलला त्याहून मोठा. ‘मोहमध्ये लिफ्ट आहे’ म्हटल्यावर टॉवरमधली स्वानंदी खुर्चीत वाकून हसली. वेणीमाधवही हसत होता, मान हलवत, पकडलं बुवा मला असं म्हणत. ठमाबाईला तिनं वगळलं. आणि मग माइक तोंडाजवळ घेतला. आता.

“आमच्या ह्यांना जन्मभर कढत पाणी लागायचं,” ती म्हणाली. “भर उन्हाळ्यातसुद्धा. त्यांना गार पाण्यानं अंघोळ घडली ती... ती एकदाच. वेणीमाधवरावांनी नळ बंद केला तेव्हा. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.”

सगळी हिरवळ हसली. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी “वा, काकू!” म्हणालं.

एकदाच? एकदाच कुठून आलं? शब्द ‘शेवटची’ होता! सतरा वर्षं तो तिथं बसला होता, खिळा ठोकल्यासारखा, आणि ऐन वेळी जिभेनं दुसराच पुढं केला. अजून माइक हातात होता. अजून म्हणता येत होतं – हसू नका, ती शेवटची होती. तिनं समोर पाहिलं. एवढे चेहरे, धुतलेले, भुकेले, तिच्यावर खूश असलेले... ह्यांना द्यायची ती अंघोळ? ताटं घेताना हे ‘अय्या, खरंच?’ म्हणतील आणि पापड उचलतील. त्या चेहऱ्यांत एकच हसत नव्हता. वेणीमाधवचं तोंड हसण्यासाठी उघडलेलं तसंच राहिलं होतं, पण डोळे... डोळ्यांना कळलं होतं. मांडीवरचा नारळ त्यानं खाली ठेवला आणि बसल्या जागी हात जोडले. माफी होती, की पुढं बोलू नका म्हणून विनवणी, की नुसतीच आभार स्वीकारायची रीत – देव जाणे.

“जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही,” मालिनी म्हणाली आणि माइक ठेवला.

“काकू, ते गार पाण्याचं भारी होतं!” स्वानंदी येऊन बिलगली. ताटांच्या रांगेपाशी सविता पाणी भरत होती. तिनं भुवया उंचावून विचारलं, झालं? मालिनीनं एक ताट उचललं. झालं म्हणायचं की नाही? त्याला लागलं होतं. बघितलं होतं तिनं, डोळ्यांनी बघितलं होतं. मग आनंद कुठं होता? आत हात घालून चाचपावं तर जिथं राग असायचा तिथं काही सापडत नव्हतं, आणि ते रिकामंपण सहन होत नव्हतं. हेही त्यानंच नेलं का? सतरा वर्षांची माझी कमाई, दोन हात जोडून?

तो जेवायला आला नाही. पोरं खुर्च्या एकात एक घालत होती आणि तो पुढच्या रांगेत एकटाच बसून होता, जमिनीकडं बघत. तेव्हा तिच्या लक्षात आलं – ती सकाळ ठाऊक असलेली माणसं दोनच उरली आहेत. सोमवारनंतर या खोऱ्यात एकच. इथं पद्माकर नावाचा माणूस होता, सही देत नव्हता, एका पहाटे गेला, त्याला गार पाणी पडलं, हे आठवणारा इथं एकटा हाच. दुसरं कुणी नाही.

वेणीमाधव उठला. काठी टेकली, आणि माइकच्या वायरीत त्याचा पाय अडकला. तो झोकांडला.

“अरे, धरा! धरा त्यांना!” ती किंचाळली. हातातलं ताट पडलं.

तनयनं धावत जाऊन त्याला सावरलं. काही झालं नाही, काही झालं नाही, असं सगळे म्हणत होते. लोक वळून तिच्याकडं बघत होते, कौतुकानं. किती जीव एकमेकांवर, जुनी माणसं! तिला त्याला शिव्या घालायच्या होत्या, आणि ओठांवर दुसरंच काही येत होतं. इतक्यात नाही, मेल्या... इतक्यात जायचं नाही.