उसन्या दिलेल्या तिघी

“पाय उचला गं, चेंडू काय चालत येणार आहे तुमच्याकडे?” प्रशिक्षक डेस ओरडला. त्याच्या एका हातात मेरिनचं पाच महिन्यांचं बाळ होतं, दुसऱ्यात शिट्टी.

“तिच्या कानाशी वाजवलीस तर बघ,” मेरिन धावता धावता म्हणाली.

“आवडते तिला. तुझ्यापेक्षा जास्त ऐकते माझं.”

ऑस्ट्रेलियातल्या भर उन्हाळ्याच्या, फेब्रुवारीच्या उन्हानं वाराबिल गावाचं फुटबॉलचं मैदान करपलं होतं. बुटांखाली गवत कुरकुरत होतं. सरावाला अकरा जणी होत्या. संघ उतरवायला निदान चौदा लागतात, आणि यंदा उतरवणार की नाही, हे आज अंधार पडायच्या आत लीगला कळवायचं होतं. मेरिनची नजर सारखी फाटकाकडे जात होती.

गेला हंगाम तिनं पोट सांभाळत कुंपणाबाहेरून पाहिला होता. बाळंतपणानंतर, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातलं काम उरकून, बाळाला पाजून निजवून, ती गव्हाच्या कोठारापर्यंत धावून यायची. या एका हंगामासाठी.

पंधरवड्यापूर्वी शेजारच्या कर्नब्रुक गावाशी सरावाचा सामना होता. त्यांच्या निम्म्या मुली तापानं पडलेल्या. या भागात अशा वेळी समोरच्या संघाला आपले खेळाडू देतात. कप्तान म्हणून मेरिननं तिघी दिल्या, आणि चांगल्या निवडून दिल्या. कच्च्या देणं तिला बरं वाटलं नाही. तिघी त्यांची लाल जर्सी घालून खेळल्या, तिथल्या नव्या न्हाणीघरात गरम पाण्यानं न्हाल्या. वाराबिलच्या मुली अजून गवत कापायच्या यंत्राशेजारी कपडे बदलतात. त्या दिवसापासून तिघी सरावाला फिरकल्या नव्हत्या.

फाटकातून एकच गाडी आली. तिघींतली धाकटी, जॉर्जा, उतरली. हातात घडी घातलेल्या वाराबिलच्या तीन निळ्या जर्सी.

“आईनं धुऊन दिल्यात.”

“तिघींच्या?”

“हो. त्या दोघींना यायची लाज वाटली.”

“आणि तुला?”

“मलापण. पण कुणीतरी यायला हवं होतं ना.”

“तिकडे साबणपण देतात का गं?” मागून ब्रायोनीनं टोमणा मारला.

“गप बस, ब्रायोनी.” मेरिननं जर्सी घेतल्या. मग तिथंच, सगळ्यांच्या देखत, लीगला फोन लावला.

“वाराबिल. हो, बायकांचा संघ. नाही, यंदा नाही.” ती ऐकत राहिली. “पुढच्या वर्षीचं आत्ता काय सांगू?”

मुली खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. बाळ रडायला लागलं. मेरिननं त्याला घेतलं आणि कुंपणाला टेकून उभ्यानंच पाजलं. दूध पिताना ते तिच्या घामेजल्या गळ्यावर हात फिरवत होतं.

जॉर्जा अजून घुटमळत होती.

“शनिवारी कर्नब्रुकवाले मला पुढच्या फळीत खेळवणार आहेत,” ती म्हणाली. “डावा पाय अजून जमत नाही मला.”

मेरिननं पेंगुळलेलं बाळ ब्रायोनीच्या मांडीवर ठेवलं. “ये,” म्हणाली आणि गोलच्या खांबांमध्ये जाऊन उभी राहिली.

पहिला चेंडू खांबांच्या पार बाहेर गेला. मेरिन पळत जाऊन तो घेऊन आली.

“पायानं मारायच्या आधी हातातला चेंडू जरा खाली धर,” तिनं सांगितलं, आणि पुन्हा खांबांमध्ये जाऊन उभी राहिली.