हुपरी वडापच्या जीपचं दुखणं

मित्रांनो, हुपरी ते कोल्हापूर वडाप करणारी, म्हणजे माणसं भरून फेऱ्या मारणारी जीप म्हणून एके काळी मला सगळे ओळखायचे. आज मी गॅरेजमागे विटांवर उभी आहे आणि माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तेवढीच सोबत.

माझा जन्म बासष्ट सालचा. आधी दहा-बारा वर्षं सरकारी साहेबांना मिरवलं, मग लिलावात सयाजीने मला घेतलं आणि पोटच्या पोरीसारखं जपलं. हुपरीचे चांदी कारागीर पैंजणांची पिशवी मांडीवर घट्ट धरून माझ्यात बसायचे. जागा आठ जणांची, पण चौदा मावायचे. 'सयाजीची जीप दगा देत न्हाय,' असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचे.

एकोणऐंशी सालचा पावसाळा सरला आणि माझं दुखणं सुरू झालं. उजवीकडे वळताना स्टिअरिंगमधून 'कट्' असा आवाज येई. मला दुसरी भाषा कुठे येते? सयाजीने वरून तेल ओतलं. दोन दिवस आवाज दबला, मग पुन्हा आला.

खंडेनवमीला सकाळी त्याने मला आकाराम मिस्त्रीकडे आणलं. मिस्त्री माझ्याखाली आडवा झाला. सयाजीला स्टिअरिंग हलवत ठेवायला सांगून तो एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेला. डाव्या चाकापाशी त्याचा हात थांबला.

"आवाज वर येतोय, पर दुखणं खाली हाय. चाक वळवणाऱ्या दांडीचा सांधा झिजलाय. कवाबी निसटंल."

"मग बदल की."

"पानं-पकडी पाटावर मांडल्यात, पूजा झालीया. आज हत्यार उचलायचं न्हाय. उद्या सोनं वाटलं की पयलं तुजं काम. गाडी हितंच ऱ्हाऊ दे."

"आक्काला सणाला आणायचं हाय. गडमुडशिंगी तर हाय, हळूच जातो."

"यष्टीनं आण, सयाजी."

पण भावाची जीप दारात यावी म्हणून तानाबाईआक्का वर्षभर वाट बघायची. आईमागे तिनेच सयाजीला वाढवलं होतं. त्याने मला झेंडूची माळ घातली आणि आम्ही निघालो.

येताना आक्का पुढे बसली होती. एका वळणावर सांधा सुटला. सयाजी स्टिअरिंग फिरवत राहिला, माझी चाकं ऐकेनात. मी रस्ता सोडून कलंडले. मला दार नव्हतं. आक्का बाहेर पडली आणि माझ्याच अंगाखाली सापडली. ती तिथेच गेली. मला ते आजही सहन होत नाही.

दसऱ्यानंतर मला दोरखंडाने ओढून मिस्त्रीच्या गॅरेजात आणलं. मिस्त्रीने कोणी न सांगताच नवा सांधा बसवला. सयाजी दारात उभा होता.

"किती येळ लागला?" त्याने विचारलं.

मिस्त्रीने पाना पुसून खाली ठेवला. "अर्धा तास," तो म्हणाला.

सयाजी निघून गेला. तो मला न्यायला कधीच आला नाही.

मित्रांनो, आम्हा मुक्या यंत्रांचा आवाज आला, तर त्याच दिवशी हात लावा. पूजेत मांडलेला पाना उचलावा लागला तरी उचला. देव रागावलाच, तर खुशाल माझं नाव सांगा.