डांबरावरचा राब

देवराम गोजर मुरबाडच्या पुढं माळशेजच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात कामाला होता, पण तो वेटर नव्हता की आचारी नव्हता. त्याच्या ताब्यात होतं हॉटेलापुढचं पार्किंग. चांगलं दहा गुंठ्यांचं, डांबर टाकून गुळगुळीत केलेलं. हॉटेलाच्या मालकानं, कल्याणच्या शेठनं, अठ्ठ्याण्णव साली ते करून घेतलं तेव्हा देवराम खडी पसरायला मजुरीवर आला होता. काम संपलं, बाकीचे मजूर गेले, आणि हा तिथंच राहिला, कारण त्याचं डोकं त्या कामात चालायचं. दिवाळी झाली की भेगा शोधायच्या, तारेच्या ब्रशनं आतली माती काढायची, मग पिंपातलं गरम डांबर ओतायचं. खड्डा पडला तर आधी तो चौकोनी कापून घ्यायचा, खडी भरायची आणि धुम्मसानं ठोकायची. भर श्रावणात हा गडी छत्री घेऊन पाणी कुठं साचतंय ते बघत हिंडायचा. गावातली माणसं चिडवायची, "काय इंजिनीर, आज कुठं ठिगळ?" वरवर देवराम हसायचा, पण आतून त्याला ते फार गोड लागायचं. आणि तेच त्याच्या अंगाशी आलं.

त्याच्या हाताखाली रंभा होती, डोंगराखालच्या वाडीवरची चाळिशीची बाई. पार्किंग झाडायची, डांबराचं पिंप तापवायची, खडीची घमेली वाहायची. कडेला तीन दगडांची चूल मांडली होती, तिच्यावर दोघांपुरता काळा चहा करायची. पाच वर्षांत तिनं देवरामला कधी उलटा शब्द दिला नाही. कोणी काही विचारलं की म्हणायची, "देवरामदादा सांगतील तसं." वाडीवरच्या बाईनं आपल्याला एवढं मानावं, याचंही देवरामला भारी कौतुक होतं.

दोन हजार तीनचा माघ महिना. शेठ गाडीतून उतरला आणि थेट दारासमोरच्या काळ्या डागापाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "देवराम, शनिवारी नगरच्या ट्रॅव्हल्सवाल्यांचा माणूस येतोय. त्यांच्या गाड्या इथं थांबणार की नाही, ते तो ठरवणार. हा तेलाचा डाग मला तेव्हा दिसता कामा नये."

डाग जुना होता. बस उभी राहायची तिथं डिझेल आणि तेल गळून गळून डांबर सडलं होतं, चप्पल दाबली तर रुतायची. देवरामनं भाताचं तूस टाकून पाहिलं, साबणानं घासून पाहिलं, काही उपयोग नाही. मग त्याला आठवलं, डांबर टाकताना मुकादम बोलला होता, "तेल प्यालेली जागा आधी जाळून काढायची, मगच वरचं ठिगळ धरतं." आता मुकादमाचं जाळणं म्हणजे नळीतून निघणारी जाळाची जीभ मिनिटभर फिरवायची, बस्स. पण ते देवरामनं कधी पाहिलं नव्हतं. मुरबाडला जाऊन विचारायचं होतं की नाही? छे! इंजिनीर कुठं कोणाला विचारतो?

आणि आपल्याकडं जाळणं म्हणजे काय, हे काय देवरामला शिकवायला हवं? भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर तोडलेला पाला, म्हणजे कवळ, त्यावर गवत आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, बसल्या जागी सावकाश धुमसत जमीन भाजते. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याचे हात हे करत आलेले. गुरुवारी रंभा घरी गेली, रात्री हॉटेलही बंद झालं, तेव्हा त्यानं घरचे कवळाचे दोन भारे आणले, डागावर झकास राब रचला, वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवला आणि धूर नीट लागलेला बघून खुशीत जेवायला घरी गेला. अरे शहाण्या, माती भाजते, पण डांबर पेटतं की!

सकाळी येऊन बघतो तर दारासमोर बैल बसेल एवढा खड्डा. मधलं डांबर जळून गेलेलं, कडा वितळून लोंबलेल्या, खालची खडी काळी ठिक्कर. देवरामनं आधी काय केलं असेल, तर राख झाडली आणि पाटीत भरून पलीकडच्या चरात ओतली. एवढ्यात शेठची गाडी आली. त्याच वेळी कामाला येणारी रंभाही फाटकातून आत शिरली.

"हे कोणी केलं?" शेठ ओरडला.

आता बघा, शेठ काही खाऊन टाकणार नव्हता. शिव्या दिल्या असत्या, फार तर घरी बसवलं असतं, आणि देवरामचं घरचं भात होतं. पण इंजिनीरनं स्वतःच्या हातानं पार्किंग जाळलं, हे गावभर झालं असतं. तेवढ्यासाठी देवरामची जीभ वळली.

"रंभाच्या चुलीतला निखारा उडाला असंल, शेठ. तेल होतं ना खाली, पेटलं. किती वेळा सांगितलं या बाईला."

चूल तिथून बारा हात लांब. कधी कुणाच्या चुलीतला निखारा बारा हात उडून बैलाएवढा खड्डा पाडतो का? आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. पण शेठ कल्याणचा, त्यानं जन्मात राब पाहिला नव्हता, आणि त्याला कोणावर तरी ओरडायचंच होतं. रंभानं खड्ड्याकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, मग देवरामकडं पाहिलं. देवराम टेप काढून खड्डा मोजायला लागला होता.

"चुकी झाली, शेठ," ती म्हणाली.

"उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाला. ती घमेलं भिंतीला टेकवून निघून गेली.

देवरामनं त्या दिवशी आणि शनिवारी सकाळी हाडं मोडेपर्यंत काम करून खड्डा भरला. ठिगळ असं बसलं की शोधून सापडू नये. ट्रॅव्हल्सवाल्यांच्या गाड्या थांबायला लागल्या, शेठनं चार माणसांत त्याची पाठ थोपटली, आणि देवरामला तिथंच भुईत शिरावंसं वाटलं.

घरी ताराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलंच, "दोन भारे कवळ गेलं कुठं?" बायकोपुढं त्याला खोटं बोलता येत नसे. सगळं ऐकून ताराबाईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"बाईच्या पोटावर पाय दिलात," ती म्हणाली. "जा नि तिला सांगा. शेठला पण सांगा."

"उद्या जातो."

तो उद्या दोन वर्षं चालला. देवरामला वाटायचं, रंभाला सगळं कळलंय आणि ती मुद्दाम गप्प बसलीय. वाडीवरचा कोणी समोरून आला की हा उगाच वाकून चपलेचा अंगठा बघायचा. कोणी राम राम घातला तरी त्याला त्यात टोमणा ऐकू यायचा. रंभाची जागा भरली नाही, मग पार्किंग तोच झाडायचा. कडेला ती चूल तशीच होती. दगड उचलून फेकून द्यायला एकदा वाकला, पण हात लावायचा धीर झाला नाही.

दोन हजार पाचच्या श्रावणात तो धसईच्या बाजारात गेला होता. भातवाल्यांच्या गर्दीतून बाहेर पडला, तर समोरच रंभा, पाटीत करटोली घेऊन बसलेली. पळायला जागा नव्हती. तिनं त्याला पाहिलं आणि पदर सावरत उठून उभी राहिली. देवराम मनात म्हणाला, दे बाई शिव्या, चार लोकांत दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

"देवरामदादा," ती खाली बघून म्हणाली, "माझ्यावर राग धरला असंल तुमी."

त्याला काही कळेना.

"तुमी पोटच्या पोरावानी जपलेलं डांबर. माझ्या चुलीनं खाल्लं. तवापासनं मी बाहेर चूल नाय पेटवली. हॉटेलावरनं जायला लाज वाटते, म्हणून मुरबाडला जायचं तर मी इकडं धसईला येऊन गाडी पकडते. घरचा माणूस अजून बोलतो, तुज्यामुळं देवरामदादाला मान खाली घालायला लागली."

ती देवरामला झाकत नव्हती हो. तिनं त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता! देवरामदादा सांगतील तसं. दोन वर्षं तो समजत होता की ती आपल्याला ओळखून आहे, आणि ती मात्र स्वतःलाच गुन्हेगार मानून आडवाटेनं फिरत होती.

"रंभे," तो म्हणाला, "तुजी चूल नाय. मी राब लावला होता. डागावर. माज्या हातानं."

शेजारची भाजीवाली वळून बघायला लागली. रंभाला आधी उमगलंच नाही.

"डांबरावर राब?"

"हो."

"नि मंग शेठपुढं?"

"खोटं बोललो."

गिऱ्हाईक करटोलीचा भाव विचारायला आलं, त्याला रंभानं हातानंच बाजूला केलं.

"मंग दोन वर्सं मी कोनाची लाज घेऊन बसले होते?"

"माजी," देवराम म्हणाला आणि भर बाजारात रडायला लागला.

त्याचं रडणं संपेपर्यंत ती थांबली नाही. तिनं उरलेली करटोली शेजारणीच्या पाटीत ओतली, स्वतःची पाटी काखेत मारली.

"रडतोस काय? चल," ती म्हणाली. "शेठ असंल आता हॉटेलात. जे माज्यापुढं बोललास ते त्याच्यापुढं बोल, नि मी तिथं हुबी असताना बोल."

एसटी लागलेली होती. रंभा पुढं चढली आणि देवराम डोळे पुसत तिच्या मागून चढला.