अपक्ष उमेदवाराची शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर इतक्या रंगांचे शिंतोडे आहेत की मूळ लाकूड कोणते, हे मलाही सांगता येणार नाही. पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याच्या खांद्यावरून मी शहरभर हिंडले. पुढे छापील फलक आले आणि मी न्हाणीघरामागे धूळ खात पडले. मला त्याचा फार राग आला होता.

मग रंगाऱ्याची थोरली बहीण राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष उभी राहिली. ती इस्पितळात परिचारिका. पाठीशी ना पक्ष, ना पैसा. लोक हसले. रंगाऱ्याने मात्र मला उचलले आणि बाजारातली भिंत रंगवायला घेतली. दुकानाच्या पाटीवर धंदा ठळक आणि मालकाचे नाव बारीक, ही त्याची जन्माची सवय. 'राष्ट्राध्यक्षपदासाठी' एवढे लिहिले आणि भिंतच संपत आली.

"ताई, तुझं नाव राहिलं गं," तो डोके खाजवत म्हणाला.

"राहू दे. तिथं मीच उभी राहते," असे म्हणून ताई चपला काढून माझ्यावर चढली.

मग रोज कामावरून सुटली की ती माझ्यावर उभी राहून बोलायची. इस्पितळात औषध नसेल तर राष्ट्राध्यक्षाने स्वतः येऊन रुग्णाला तसे सांगावे, असे तिचे म्हणणे. गर्दी वाढू लागली. एके दिवशी मोठ्या पक्षाचा पुढारी चार माणसे घेऊन आला.

"बाई, निवडून तर येणार नाही, उगाच आमची मतं खाल. माघार घ्या, आरोग्य मंडळावर घेतो तुम्हाला."

"तुमची मतं? लोकांनी अजून दिली कुठं?"

पुढाऱ्याने डोळ्याने खुणावले. त्याची माणसे मला गदागदा हलवू लागली. ताईने भिंत धरली, पण बोलणे थांबवले नाही. माझा एक पाय उचलला गेला. तेवढ्यात समोरची भाजीवाली धावत आली आणि तिने मला घट्ट धरले. पाठोपाठ चांभार आला, दूधवाला आला.

"मत कुणाला द्यायचं ते आमचं आम्ही बघू," भाजीवाली म्हणाली. "तिला बोलू द्या."

ताई सपाटून हरली. भाजीवालीने मत कुणाला दिले ते मला ठाऊक नाही, आणि ताईनेही कधी विचारले नाही. पुढच्या खेपेला ती पुन्हा उभी राहणार आहे. मला सरपणात घालायचा कुणाचा बेत असेल, तर त्याने तो खुशाल विसरावा.

मित्रांनो, तुमचे मत तुमच्यापाशी ठेवा. पण वर कुणी एकटे बोलत असेल, तर खाली येऊन शिडी धरा.