टॉर्किल पडला नव्हता

रविवारी सकाळी मर्डिना मॅकलेनननं पाठीवरच्या पिशवीत पाना, हातोडी आणि छिन्नी भरली, तेव्हाच आज गावाच्या नाकावर टिच्चून काहीतरी होणार हे नक्की झालं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात रविवारी कुणी दोरीवर ओला टॉवेल टाकला, तरी चार खिडक्यांचे पडदे हलतात. काम करायचं नाही, गाडी धुवायची नाही, डोंगराकडे तर बघायचंही नाही. चर्चला जायचं, घरी येऊन शनिवारी करून ठेवलेलं सूप प्यायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसेल ती मर्डिना कसली! शिवाय रविवार तिनं मुद्दाम धरला होता. एरवी कुणी ना कुणी आडवं आलंच असतं, आणि सगळ्यांत आधी आला असता तिचा दीर, फार्कर.

भानगड होती ती एका पाटीची. स्गुर ग्लास या डोंगराच्या माथ्यावर जी लांब धार आहे, तिचा अगदी अरुंद टप्पा ओलांडला की एक खडक लागतो. त्या खडकाला स्लेटची पाटी ठोकलेली होती: ‘टॉर्किल मॅकलेनन येथून कोसळून मरण पावला. वाटसरू, जपून जा.’ टॉर्किल म्हणजे मर्डिनाचा नवरा. पाटी बसवली फार्करनं, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं. आणि तिच्यावर खरं एवढंच होतं की माणसाचं नाव बरोबर लिहिलेलं होतं.

टॉर्किल कोसळला-बिसळला नव्हता. शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना हरणांपर्यंत घेऊन जाणं, हे त्याचं जन्मभराचं काम. मारलेलं हरीण खांद्यावर टाकून तो त्या धारेवरून धुक्यात उतरलाय, बर्फात उतरलाय, आणि त्याचा पाय कधी इकडचा तिकडे झाला नाही. शेवटच्या दिवशी तो त्या खडकाला टेकून डबा खायला बसला आणि बसल्या जागी त्याचं हृदय बंद पडलं. शोधायला गेलेल्या माणसांना तो तसाच सापडला, पाय पसरून, टोपी डोळ्यांवर ओढून. डॉक्टरही तेच म्हणाले. पण डॉक्टर बोलून मोकळे झाले आणि पाटी मात्र तिथंच राहिली.

मर्डिनाला पाटीचं कळलं तेव्हा ती फार्करशी कडाकडा भांडली होती. पण तेव्हा तिचा गुडघा कामातून गेलेला, अंगात दुःखानं त्राण नाही, आणि घरचे सगळे म्हणायला लागले की जाऊ दे, त्यानं प्रेमानंच केलंय. तिनं जाऊ दिलं. मग वर जाणारे लोक ती पाटी वाचून खाली दुकानात बोलायला लागले, की इथला जन्मलेला माणूससुद्धा पडला म्हणजे बघा! बरेच जण पाटीच्या धाकानं अलीकडूनच परतायला लागले. डोंगर आधीच शांत, तो आणखी सुनसान झाला. हेही तिनं ऐकून घेतलं.

पण नातीचं ऐकून मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघा नवा बसवल्यावर, चालणं जमायला लागल्यावर तिनं इश्बेलला विचारलं होतं, चल, तुला आजोबांची धार दाखवते. पोरगी आईच्या मागं लपली आणि म्हणाली, नको, आपले आजोबा तिथून पाय घसरून पडले. टॉर्किलचा पाय घसरला! त्याच्या स्वतःच्या नातीनं असं म्हणावं? त्या रात्री मर्डिनाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पाटी आपण जिवंत असेतो निघाली पाहिजे, नाहीतर पुढच्या सगळ्यांसाठी तो पडलेला माणूस म्हणूनच राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून ही रविवारची स्वारी. पायथ्याला गाडी लावून ती दोन काठ्या टेकत चढायला लागली. सुरुवातीला दलदल, पाऊल टाकलं की पचक. मग गवत, मग सगळा दगडच दगड. वाटेत एक मेंढी सोडली तर कुणी भेटलं नाही. चढणीवर नवा गुडघा कुरकुरला, तेव्हा तिनं त्याला मोठ्यांदा शिव्या दिल्या, चर्चच्या दिवशी देऊ नयेत अशा. मग त्यालाही गप्प राहणं बरं वाटलं असावं.

धारेवर पोचली तेव्हा वारा होता, पण दगड कोरडा होता. अरुंद टप्पा म्हणजे जेमतेम दोन पावलं रुंद. डावीकडे खाली काळं तळं, उजवीकडे खाली काहीच नाही, बघायला गेलं तर थेट समुद्र. रांगत जावं असं मर्डिनाच्या मनात आलं. का येणार नाही? ती काही टॉर्किल नव्हती. तिनं काठ्या पिशवीला बांधल्या, हात मोकळे केले आणि ताठ चालत पलीकडे गेली. रांगायचं नाही हे तिनं घरूनच ठरवलं होतं.

पाटीला चार बोल्ट होते, चारही गंजलेले. पहिला पान्याला बधला. दुसऱ्यानं तिचं बोट सोलवटलं आणि मग निघाला. तिसऱ्याशी झटापट चालू असताना मागून हाक आली.

टप्प्याच्या अलीकडच्या टोकाला फार्कर उभा होता. काळा सूट, टाय, आणि पायांत चकाकणारे चर्चचे बूट. चर्चला जाताना त्यानं डोंगराच्या पायथ्याला तिची गाडी पाहिली होती आणि पहिल्या भजनालाच तो पुढच्या बाकावरून उठून बाहेर पडला होता. फार्कर चर्चच्या पंचांपैकी एक. तो मधेच उठला म्हणजे गावात आता आठवडाभर दुसरा विषय नाही.

त्यानं तो टप्पा ओलांडला कसा, तर बसून, दोन्ही तंगड्या दोन बाजूंना सोडून, सरकत सरकत. त्याच धारेवर तो लहानपणी भावामागून पळायचा. पलीकडे पोचल्यावर तो खडकाला चिकटूनच उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता.

मर्डिनानं पान्यावरचा हात काढला नाही. ती म्हणाली, "तूच लिहिलंस आणि तूच घाबरलास होय रे?"

आज रविवार आहे, निदान आज तरी हत्यार खाली ठेव, असं काहीतरी तो सांगायला लागला.

"रविवारी पाना फिरवला तर पाप," ती म्हणाली, "आणि दगडावर खोटं कोरून ठेवलं तर? ते कुठल्या वारी चालतं, तेवढं सांग मला."

फार्करनं पाटीवरच्या नावाकडे बघितलं. मग वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "मर्डिना, टॉर्किलसारखा माणूस, आणि डबा खाता खाता मान टाकतो? काय सांगायचं लोकांना? अशा माणसाला असलं मरण शोभतं का गं?"

तिनं पाना खाली ठेवला. इतकी वर्षं त्याच्यावर आग पाखडायची म्हणून काय काय साठवलं होतं, आणि आता त्यातलं एकही वाक्य कामाचं वाटेना. तिला स्वतःचाच राग आला.

"काय वाईट होतं त्या मरणात?" ती म्हणाली. "ऊन होतं. पाठीला दगड होता. मी केलेलं खात होता. समोर त्याचा समुद्र होता. कुणाला ओरडून हाक मारावी लागली नाही त्याला. आणि तू काय केलंस? तू त्याला खाली ढकललंस, फार्कर. जो जो ही पाटी वाचतो, त्याच्या डोळ्यांसमोर तो पुन्हा पडतो. आता इश्बेलच्याही डोळ्यांसमोर पडतो."

फार्करनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मर्डिनाला दया आली, पण हात थांबवण्याइतकी नाही. तिनं तिसरा बोल्ट काढला. चौथा काही केल्या हलेना, तेव्हा तिनं त्याच्या मुंडीवर छिन्नी धरली आणि हातोडीचे घाव घातले. त्या दोन-चार घावांचा आवाज समोरच्या कड्यावरून परत आला. रविवारचा एवढा आवाज त्या दऱ्यांनी कधी ऐकला नसेल. बोल्टची मुंडी उडाली आणि पाटी तिच्या हातात आली, चांगली जड.

फार्करनं विचारलं, आता हिचं काय करणार? दरीत फेकून देणार का?

"खाली मेंढ्या आहेत," ती म्हणाली. "आणि हिचं ओझं मी का वाहू? तुझी आहे. तू न्यायची."

तिनं हत्यारं स्वतःच्या कोटाच्या खिशांत कोंबली, पाटी पिशवीत सरकवली, पिशवी त्याच्या सुटावर चढवली आणि छातीवरचा पट्टा लहान पोराचा आवळावा तसा आवळला. मग त्याला बूट काढायला लावले. त्यांचे गुळगुळीत तळ कोरड्या दगडावरही धरणार नव्हते. लोकरीच्या मोज्यांवर चाल, टॉर्किल ओल्या दगडावर तसाच चालायचा, असं तिनं बजावलं. त्यानं निमूटपणे बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले. गावानं या पंचाला त्या अवतारात बघायला हवं होतं.

टप्प्याच्या तोंडाशी येऊन तो पुन्हा खाली बसायला लागला.

"उभा राहा," मर्डिना म्हणाली. "बसून नाही जायचं."

"हे ओझं आहे पाठीवर. पडलो म्हणजे?"

ती त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मागं हात केला, त्याला धरता यावा म्हणून.

"ऐक, फार्कर. या धारेवरून आजवर एकही मॅकलेनन पडलेला नाही. खाली चर्च सुटलं असेल, सगळे तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसले असतील, कुठं गेला होतास म्हणून विचारतील. त्यांना हेच सांगायचं, आणि तूच सांगायचं. ऊठ आता."

फार्करनं तिचा हात धरला आणि उठून उभा राहिला.